मधुमेह आणि विसरणं: धोका कुठून येतो ते घरी कसं शोधायचं आणि कमी कसा करायचा

मधुमेह झाला की डोळे, किडनी, पाय आणि हृदय जपा, असं प्रत्येकाला सांगितलं जातं. मेंदूचं नाव त्या यादीत क्वचितच येतं. टाइप २ मधुमेह असलेल्यांना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे दीडपट असते. मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब होऊन येणाऱ्या डिमेन्शियाची शक्यता तर जवळपास दुप्पट. मधुमेह जितक्या कमी वयात सुरू होतो, तितका हा धोका वाढतो. ब्रिटनमधल्या सरकारी नोकरांच्या व्हाइटहॉल पाहणीचे निष्कर्ष २०२१ साली आले. वयाच्या सत्तरीला ज्यांच्या मधुमेहाला दहा वर्षांहून जास्त काळ झाला होता, त्यांच्यात हा धोका दुपटीहून थोडा अधिक दिसला. आपल्याकडे चाळिशीत, कधी त्याच्याही आधी गोळ्या सुरू होतात. म्हणजे हा विषय फक्त आजी-आजोबांचा राहिलेला नाही.

डिमेन्शियाच्या अलीकडे एक टप्पा असतो. स्मरण, लक्ष, हिशोब, कामाची आखणी वयाच्या मानाने मागे पडलेली असते, पण माणूस आपले रोजचे व्यवहार स्वतः सांभाळत असतो. डॉक्टर याला एमसीआय म्हणतात. स्मृतिचिकित्सालयात येणाऱ्या अशा रुग्णांपैकी दरवर्षी साधारण १० ते १५ टक्के लोक पुढे डिमेन्शियाकडे जातात. बाकीचे तिथेच थांबतात, आणि काही पुन्हा ठीक होतात. ठीक होणाऱ्यांत बऱ्याच जणांचं कारण दुरुस्त करता येण्यासारखं असतं: बी१२ कमी, थायरॉइड बिघडलेलं, चुकीची गोळी, उदासी, पुन्हा पुन्हा लो होणारी शुगर. म्हणून माझा आग्रह आहे की "वय झालं आता" हे वाक्य घरात सगळ्यात शेवटी उच्चारावं. आधी पुढची तपासणी करावी.

मी पुण्यात मधुमेही ज्येष्ठांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलण्याचं, त्यांना समजावून सांगण्याचं काम करते. त्यातून जमलेला हा क्रम आहे. लागणारं सामान थोडं: शंभर पानी वही, ग्लुकोमीटर, दंडाला पट्टा बांधायचं बीपीचं मशीन, घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी, आणि रोज भेटणारं एक जवळचं माणूस. दोन आठवडे घरी नोंदी करायच्या आणि मग ती वही घेऊन डॉक्टरांकडे जायचं.

सुरुवातीला तातडीचं वेगळं काढा

एमसीआय महिन्या-महिन्यांनी, हळूहळू वाढतो. काल चांगला असलेला माणूस आज गोंधळला, कुठे आहे ते सांगेना, दिवसा झोपाळला आणि रात्री बडबडू लागला, तर ही तपासणी बाजूला ठेवा. ताबडतोब शुगर मोजा. शुगर ठीक असेल तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, रक्तातलं सोडियम उतरणं, नवीन औषध, अशी कारणं यामागे असू शकतात. तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं, यांपैकी काही दिसलं तर १०८ ला फोन करा, एक मिनिटही थांबू नका. डोक्यावर पडून गेलेल्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या माणसात काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी गोंधळ दिसला, तरी स्कॅन लागू शकतो. तो मार पुष्कळदा सगळे विसरून गेलेले असतात.

विसरण्याची नोंद कशी ठेवायची

"बाबा हल्ली विसरतात" एवढ्यावरून डॉक्टरांना काही कळत नाही. वहीत तारीख घालून नेमका प्रसंग लिहा. चष्मा कुठे ठेवला ते आठवेना आणि नंतर सापडला, ही नोंद करायची गरज नाही. ओळखीच्या माणसाचं नाव दहा मिनिटांनी आठवलं, हेही सोडून द्या. लिहायचं ते असं: तासाभरात तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला. वर्षानुवर्षं स्वारगेटहून जी बस पकडतात, तिच्याबद्दल गोंधळ झाला. यूपीआयचा पिन दोनदा चुकला आणि मग फोनच बाजूला ठेवला. भिशीचा हिशोब नेहमी आई ठेवायची, या महिन्यात तिने तो जावेकडे दिला. उकडीच्या मोदकाला उकड काढायला घेतली आणि पुढे काय करायचं ते सुचेना. सवयीची, पायऱ्यापायऱ्यांची कामं अडखळू लागणं ही खरी खूण आहे. मधुमेहात केवळ स्मरणशक्ती घसरत नाही. कामाचा वेग, लक्ष आणि आखणी या गोष्टी बऱ्याचदा आधी मंदावतात, म्हणून "आठवतं तर सगळं" असं ऐकून निश्चिंत होऊ नका.

मधुमेह्याच्या घरात एक खूण फार लवकर दिसते, ती म्हणजे औषधांचा हिशोब. महिन्याच्या गोळ्या आणल्या की स्ट्रिपवर मार्करने तारीख टाका. दोन आठवड्यांनी सगळ्या स्ट्रिप जेवणाच्या टेबलावर मांडा आणि उरलेल्या गोळ्या मोजा. सकाळ-संध्याकाळची गोळी असेल तर चौदा दिवसांत अठ्ठावीस संपायला हव्यात. पस्तीस संपल्या असतील तर काही दिवशी दोनदा घेतली गेली, वीस संपल्या असतील तर राहून गेली. इन्सुलिन पेनचंही तसंच: सुरू केल्याची तारीख पेनवर लिहा, रोजचे युनिट धरून ते किती दिवस पुरायला हवं ते काढा. हे चोरून करू नका. ज्यांच्या गोळ्या आहेत त्यांना शेजारी बसवा, मोजायला त्यांनाच सांगा. कितीतरी घरांत "शुगर का हलत नाही" याचं उत्तर या टेबलावर मिळतं, आणि डोस वाढवण्याची वेळच येत नाही.

शुगर लो होते का, हे सगळ्यात आधी पाहा

सगळ्या घराचं लक्ष जास्त शुगरकडे असतं. साठीच्या पुढच्या माणसात मी आधी लो शुगरकडे पाहते. मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी साधारण २० टक्के तो एकटा वापरतो, आणि त्याचं मुख्य इंधन ग्लुकोज. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या १६,६६७ मधुमेही रुग्णांची पाहणी २००९ साली प्रसिद्ध झाली. शुगर इतकी लो झाली की रुग्णालय गाठावं लागलं, असं एकदा घडलेल्यांत डिमेन्शियाचा धोका सुमारे २६ टक्क्यांनी जास्त होता. दोनदा घडलेल्यांत ८० टक्क्यांनी, तीन किंवा अधिक वेळा घडलेल्यांत ९४ टक्क्यांनी. हे चक्र उलटंही फिरतं: विसरायला लागलेला माणूस गोळी दोनदा घेतो किंवा गोळी घेऊन जेवायचं विसरतो, आणि त्यातून शुगर उतरते.

७० च्या खाली लो, ५४ च्या खाली गंभीर, हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. तरुणपणी शुगर उतरली की घाम सुटतो, हात थरथरतात, कडकडून भूक लागते. वय वाढलं, मधुमेह जुना झाला की या खुणा बोथट होतात. बीपी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉल, एटेनोलॉल यांसारखी गोळी चालू असेल तर थरथर आणि धडधड फारशी जाणवत नाही. मग दिसतं ते असं: दुपारी चारला उगाच चिडणं, एकटक बघत बसणं, पावलं अडखळणं, पहाटे वाईट स्वप्नं, उशी घामाने ओली. घरचे म्हणतात, स्वभाव बदलला. त्या क्षणी बोटाला सुई लावून मोजा आणि वेळेसकट आकडा लिहा. नेहमीच्या फास्टिंग (उपाशीपोटी) आणि पीपी (जेवणानंतरच्या) तपासणीने हे कळत नाही. आठवड्यातून दोनदा दुपारच्या जेवणाआधी, आणि रात्री इन्सुलिन असेल तर डॉक्टरांना विचारून एखाद्या पहाटे तीनला मोजा.

औषध कोणतं आहे यावर बरंच काही अवलंबून. मेटफॉर्मिन एकटं असेल तर शुगर सहसा लो होत नाही. ग्लिप्टिन गटाच्या गोळ्यांचंही तसंच. लो होते ती इन्सुलिनने आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्यांनी. त्यातली ग्लिबेनक्लामाइड ज्येष्ठांसाठी टाळावी असा सल्ला तज्ज्ञ देतात. ती चालू असेल तर पुढच्याच भेटीत "ही बदलता येईल का" असं विचारा. किडनी कमजोर असेल तर ही औषधं शरीरात जास्त वेळ रेंगाळतात, हेही ध्यानात ठेवा.

आता उपवासांबद्दल, कारण पुण्यातल्या घरांत लो शुगरची मोठी वाट इथून जाते. संकष्टीला सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी सवयीने घेतली जाते. मग चहा, एखादं केळं, दुपारी साबुदाण्याची खिचडी. जेवण चंद्रोदयानंतर, म्हणजे रात्री नऊच्या आसपास. खिचडीने दोन तास शुगर वर जाते, आणि गोळी तर पूर्ण दिवस काम करत असते. संध्याकाळी सहा-सात वाजता माणूस देवघरासमोर बसल्या बसल्या ओशाळल्यासारखा गप्प होतो. सगळ्यांना वाटतं उपवासाचा थकवा आहे. ती लो शुगर असू शकते. महिन्याला एक संकष्टी, दोन एकादश्या, त्यात श्रावण आणि नवरात्र आले की वर्षाकाठी हे कितीदा घडत असेल याचा विचार करा.

उपवास सोडा असं मी कुणाला सांगत नाही. श्रद्धेची गोष्ट आहे आणि तिचा मान राहिला पाहिजे. पण उपवासाच्या दिवशी कोणती गोळी घ्यायची, कोणती अर्धी, कोणती नाही, हे डॉक्टरांकडून आधी लिहून घ्या आणि तो कागद दिनदर्शिकेशेजारी चिकटवा. खिचडीऐवजी वरीचे तांदूळ थोडे, सोबत दाण्याची आमटी, दही, काकडी, असं तीन-चार वेळा थोडं थोडं खा. संध्याकाळी सहाला शुगर मोजा आणि ७० च्या खाली असेल तर उपवास तिथेच सोडा. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिनसारखी गोळी चालू असेल तर निर्जळी उपवास डॉक्टरांशी बोलल्याशिवाय अजिबात करू नका. शरीरातलं पाणी कमी होतं, आणि रक्तात आम्ल वाढण्याचाही धोका असतो.

शुगर लो झाली आणि माणूस शुद्धीत असला, तर तीन चमचे ग्लुकोज पावडर पाण्यात घालून द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, वर आली नसेल तर पुन्हा द्या, आणि वर आल्यावर काहीतरी खायला घाला. पेढा, बर्फी, चॉकलेट नको, कारण त्यातल्या तुपा-दुधामुळे साखर सावकाश चढते. एक बारकावा बऱ्याच घरांत माहीत नसतो: तुमच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर घरातली साखर आणि गूळ लवकर कामी येत नाहीत. आतड्यात साखर फोडण्याचं कामच हे औषध रोखून धरतं. अशा वेळी ग्लुकोजच द्यावं लागतं. स्ट्रिपच्या मागे औषधांची नावं वाचा, व्होग्लिबोज दिसलं तर आजच केमिस्टकडून ग्लुकोजचा डबा आणून एक पुडी पर्समध्ये ठेवा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

जास्त शुगर आणि तीन महिन्यांची सरासरी

जास्त शुगर वर्षानुवर्षं राहिली की मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या कडक होतात, हे खरंच आहे. डोळ्यांच्या पडद्यावर किंवा लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनात जो बिघाड दिसतो, त्याच जातीचा बिघाड मेंदूतही चालू असू शकतो. म्हणून रेटिनोपथी (डोळ्यांच्या पडद्याचा बिघाड) निघालेल्या किंवा लघवीतून प्रथिन जाणाऱ्या माणसाने स्मरणाची तपासणी आवर्जून करून घ्यावी.

पण शुगर जितकी खाली तितका मेंदू चांगला, असं मात्र दिसलेलं नाही. अमेरिकेतल्या अकॉर्ड अभ्यासात एका गटाची एचबीए१सी (रक्ततपासणीतून निघणारी तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी) ६ च्या खाली आणण्याचा जोरदार प्रयत्न झाला. त्या गटात मृत्यू जास्त दिसल्यामुळे २००८ मध्ये तो उपचार थांबवावा लागला. २०११ मध्ये त्यांच्या स्मरण-चाचण्यांचे निकाल आले, तेव्हा दोन्ही गटांत फरक नव्हता. ज्येष्ठ व्यक्ती एरवी ठणठणीत असेल तर एचबीए१सी ७ ते ७.५ च्या खाली, आणि एमसीआय किंवा आणखी तीन-चार आजार असतील तर ८ च्या खाली, अशी मोकळीक आज दिली जाते. तुमच्या आईची सरासरी ६.२ असेल, वय ७८ असेल आणि इन्सुलिन चालू असेल, तर अभिनंदन करण्याऐवजी "हे फार खाली तर नाही ना" असं डॉक्टरांना विचारा.

सरासरी फसवीही असते. ७ टक्के म्हणजे साधारण १५४ ची सरासरी. ती रोज १२० ते १८० च्या दरम्यान राहूनही येते, आणि ५० ते ३०० असे हेलकावे खाऊनही येते. वहीतले आकडे हा फरक दाखवतात, लॅबचा कागद दाखवत नाही.

रक्तदाब

मेंदूसाठी बीपीचं महत्त्व शुगरइतकंच, चाळिशी-पन्नाशीत तर काकणभर जास्तच. मधुमेह असलेल्या बहुतेकांसाठी १३०/८० च्या खाली हे लक्ष्य धरतात. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकवून, हात टेबलावर छातीच्या पातळीला ठेवून, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजा. ज्येष्ठांचं आणखी एकदा, उभं राहिल्यावर एक ते तीन मिनिटांत मोजा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त पडत असेल तर ते लिहा. जुन्या मधुमेहात नसा कमजोर होऊन असं होतं, त्यातून चक्कर येते आणि माणूस पडतो. अशांचं बीपी किती खाली आणायचं ते डॉक्टरांना ठरवू द्या. मोजताना मशीन अनियमित ठोके दाखवत असेल तर ईसीजी काढून घ्या.

कोलेस्टेरॉलबद्दल एवढंच: स्टॅटिनमुळे विसरायला होतं अशी भीती पुष्कळांना वाटते आणि ते स्वतःच गोळी बंद करतात. मोठ्या अभ्यासांत तसं दिसलेलं नाही. पक्षाघाताचा धोका मात्र गोळी बंद केल्याने वाढतो.

रक्ताच्या कोणत्या तपासण्या मागायच्या

बी१२ सगळ्यात आधी. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्याने बी१२ शरीरात कमी शोषलं जातं, पित्ताच्या रोजच्या गोळ्यांनीही. त्यात आपल्यातले बरेच जण शाकाहारी. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात सुमारे दोन तृतीयांश पुरुषांत बी१२ कमी आढळलं, आणि शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण सगळ्यात जास्त होतं. हे संशोधन आपल्याच गल्लीतलं आहे, तरी मेटफॉर्मिन दहा वर्षं घेणाऱ्या कितीतरी जणांचं बी१२ एकदाही मोजलेलं नसतं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण ही कमतरता भरून काढणं सोपं आणि स्वस्त आहे. आकडा २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर उपचार लागतोच. २०० ते ३०० च्या मधे असेल आणि विसरणं किंवा पायाला मुंग्या असतील तर डॉक्टरांशी बोला. पायाच्या मुंग्या मधुमेहाच्या नावावर खपून जातात आणि खाली बी१२ असतं, हे वारंवार होतं. तपासणीच्या आधी बी१२ च्या गोळ्या चालू असतील तर सांगा, आकडा फुगलेला येतो.

याच्याबरोबर टीएसएच (थायरॉइडसाठी), हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन (किडनीसाठी), सोडियम आणि लघवीतलं अल्ब्युमिन करून घ्या.

याज्ञिकांचा विषय निघाला आहे तर एक सांगते. त्यांनी आणि ब्रिटनच्या डॉ. युडकिन यांनी २००४ मध्ये एकमेकांशेजारी उभं राहून काढलेला एक फोटो लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापला. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२.३, म्हणजे दोघंही सडपातळ. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. "मी कुठे जाड आहे" असं म्हणणाऱ्या प्रत्येक पुणेकराने वजनकाट्याबरोबर कमरेचं मापही घ्यावं.

गोळ्यांची पिशवी उलटी करा

घरातल्या सगळ्या गोळ्या, आयुर्वेदिक चूर्णं, सर्दीच्या गोळ्या, शेजारच्यांनी दिलेलं झोपेचं औषध, सगळं एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा. यातली काही औषधं मेंदूला थेट मंदावतात. पायांची आग होते म्हणून मधुमेह्यांना बऱ्याचदा अमिट्रिप्टिलिन दिलं जातं. वारंवार लघवीसाठी ऑक्सिब्युटिनिन किंवा टोल्टेरोडिन. सर्दीसाठी क्लोरफेनिरामिन. ही तिन्ही एका जातीची आहेत: तोंड कोरडं पाडतात, बद्धकोष्ठ करतात, ज्येष्ठांची बुद्धी धूसर करतात. तिन्ही एकाच माणसाला, तीन वेगळ्या डॉक्टरांनी दिलेली असू शकतात. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्यांचंही तेच. पण यातली कोणतीही गोळी स्वतःहून एकदम थांबवू नका. झोपेच्या गोळ्या अचानक बंद केल्या तर फिट येऊ शकते. हळूहळू कमी करायचं वेळापत्रक डॉक्टरच लिहून देतील.

कान, डोळे, झोप आणि मन

मधुमेह असलेल्यांत ऐकू कमी येण्याचं प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त आहे. ते असं उलगडतं: टिळक स्मारक मंदिरात वसंत व्याख्यानमालेला दरवर्षी जाणारे काका यंदा म्हणतात, "आता पूर्वीसारखे वक्ते राहिले नाहीत." खरं तर वाक्यातले अर्धे शब्द त्यांच्यापर्यंत पोचत नसतात. मग कट्टा सुटतो, लग्नात ते कोपऱ्यात बसतात, फोन बायको घेते. मेंदूला मिळणारं खाद्यच कमी होतं. लॅन्सेटच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये टाळता येण्यासारखे १४ धोके मांडले. हे सगळे दूर करता आले तर डिमेन्शियाचे ४५ टक्क्यांपर्यंत रुग्ण कमी होऊ शकतील किंवा त्यांचा आजार लांबेल, असा त्यांचा अंदाज. ऐकू कमी येणं आणि अंगातलं वाढलेलं एलडीएल कोलेस्टेरॉल यांचा वाटा त्यात सगळ्यात मोठा धरला आहे. ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) एकदा करून घ्या, आणि श्रवणयंत्र सांगितलं तर ते कपाटात पडून राहणार नाही हे पाहा. पहिले काही आठवडे त्याचा त्रास होतो, तेव्हा घरच्यांनी सोबत करायची असते.

डोळ्यांच्या पडद्याची तपासणी वर्षातून एकदा करा, मोतीबिंदू लांबवू नका. मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकणं, दिवसा पेंगणं असेल तर झोपेची तपासणी विचारा. टाइप २ मधुमेहात झोपेत श्वास अडकण्याचा हा आजार फार आढळतो.

उदासी मात्र कुणी तपासत नाही. मधुमेहात तिचं प्रमाण साधारण दुप्पट आहे. जोडीदार गेल्यावर, मुलं परदेशी गेल्यावर माणूस जेवायचं टाळतो, गोळ्या विसरतो, कशात रस घेत नाही, आणि स्मरण-चाचणीतही मागे पडतो. बोलायला संकोच वाटत असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे.

तंबाखू, हवा, चालणं

सिगारेट आणि तंबाखू बंद, मिश्रीही त्यातच आली. घरातल्या आजी दात घासायला मिश्री लावतात, ते कुणी तंबाखूत धरत नाही.

आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं, शिवाय दोन दिवस ताकदीचा व्यायाम. सिंहगड रोडच्या कडेने धुरात चालण्यापेक्षा तळजाई, हनुमान टेकडी किंवा सारसबाग बरी, कारण प्रदूषित हवा हाही त्या १४ धोक्यांतला एक आहे. गुडघे साथ देत नसतील तर जेवणानंतर सोसायटीच्या आवारात दहा मिनिटं, आणि खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं दहा वेळा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असेल तर खिशात ग्लुकोज हवंच. फिनलंडमध्ये १,२६० ज्येष्ठांवर दोन वर्षं केलेल्या प्रयोगात आहार, व्यायाम, बुद्धीचा सराव आणि बीपी-शुगरवर लक्ष हे सगळं एकत्र केलं, तेव्हा मेंदूच्या चाचण्यांत फायदा दिसला. हे २०१५ साली छापून आलं. एकट्या शब्दकोड्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. भजनी मंडळात नवीन अभंग पाठ करणं, नातवाकडून मोबाइलवर काही शिकणं, ज्येष्ठ नागरिक संघाचा हिशोब सांभाळणं, यात नवेपणाही आहे आणि माणसंही.

स्मरणशक्तीच्या जाहिरातींतल्या गोळ्यांवर पैसे घालवू नका. गिंकगो या झाडाच्या अर्काची मोठी चाचणी २००८ मध्ये पूर्ण झाली, त्या अर्काने डिमेन्शिया टळला नाही. सेमाग्लुटाइड या मधुमेहाच्या औषधाबद्दलही हल्ली विचारणा होते. अल्झायमरच्या सुरुवातीच्या रुग्णांवर केलेल्या त्याच्या दोन मोठ्या चाचण्यांत आजार मंदावला नाही, हे २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर झालं. शुगर आणि वजनासाठी त्याचा उपयोग आहे, तो वेगळा विषय.

डॉक्टरांकडे जाताना

वय ६५ च्या पुढे असेल आणि मधुमेह असेल तर स्मरणाची छोटी चाचणी दरवर्षी व्हावी, अशी अमेरिकन डायबिटीस असोसिएशनची शिफारस आहे. आपल्याकडे ती मागून घ्यावी लागते. फॅमिली डॉक्टरांना सरळ म्हणा, "मोका किंवा एमएमएसई करायची आहे, नाहीतर कुणाकडे पाठवता?" मोका ३० गुणांची, दहा-पंधरा मिनिटांची असते, साधारण २६ किंवा त्याहून जास्त गुण ठीक धरतात. शिक्षण कमी असेल तर गुण तसे समजून घ्यावे लागतात, म्हणून शाळा कितवीपर्यंत ते आधीच सांगा. चाचणी मराठीतून घ्यायला लावा. इंग्रजीतून घेतलेल्या चाचणीत हुशार आजीही नापास होईल. चष्मा आणि श्रवणयंत्र लावून जा, आणि चाचणीआधी शुगर मोजा. ती ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर असेल तर चाचणी दुसऱ्या दिवशी ठेवा. खासगी न्यूरॉलॉजिस्ट परवडत नसेल तर ससून या सरकारी रुग्णालयाची ओपीडी आहे.

एमसीआय निघालाच तर

पहिलं काम उपचार सोपा करण्याचं. दिवसातून चार वेळची औषधं दोनदा बसवता येतील का, चार इंजेक्शनांऐवजी एकावर भागेल का, लो न होणारी गोळी देता येईल का, हे विचारा. आठवड्याचा पिलबॉक्स रविवारी दोघांनी मिळून भरा. इन्सुलिन घेतलं की कॅलेंडरवर लगेच खूण, म्हणजे "घेतलं का नाही" याचं उत्तर भिंतीवर असेल. गॅसला आपोआप बंद होणारं टायमर बसवा. लक्ष्मी रोडच्या गर्दीत दुचाकी चालवणं जमतंय का, हे मागे बसून एकदा पाहा. लो शुगरचा इतिहास असेल तर निघण्याआधी मोजायची सवय लावा.

बँकेची खाती, नॉमिनेशन, मृत्युपत्र ही कामं याच टप्प्यात करून घ्या, कारण आता त्यांचा निर्णय त्यांचाच आहे आणि सहीमागे पूर्ण समज आहे. हे बोलणं जड जातं. तरी मुलांनी परस्पर ठरवण्यापेक्षा आई-बाबांना विचारून ठरवलेलं त्यांना हवं असतं. एकटे राहणाऱ्यांसाठी आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांसाठी एल्डरलाइनचा १४५६७ हा मोफत क्रमांक आहे, तो फ्रिजवर मोठ्या अक्षरात लावा. पुढची स्मरण-चाचणी सहा ते बारा महिन्यांनी, तिची तारीख वहीत आजच लिहून ठेवा आणि त्याच दवाखान्यात, त्याच चाचणीने करा, म्हणजे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवून बघता येतील.